रस्सा बिघडतो तो पाण्यामुळे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे घरच्या साध्या रस्साभाजीविषयी आहेत, याचे मला आश्चर्य वाटले आणि बरेही वाटले. पुरणपोळी किंवा बासुंदी बिघडली तर सणापुरती हळहळ होते. रस्सा मात्र सातारा-सांगलीकडच्या घरांत आठवड्यातून चार-पाच दिवस तरी शिजतो आणि तो बिघडला की अख्ख्या घराचे जेवण बिघडते. पत्रांतील बहुतेक प्रश्न मसाल्याविषयी आहेत. कोणता मसाला घालावा, किती चमचे घालावा, विकतचा चालेल का, असे ते प्रश्न आहेत. माझी उत्तरे मात्र पुन्हापुन्हा पाण्याकडे वळलेली दिसतील. कांद्यातले पाणी केव्हा जाते, भाजी स्वतःचे पाणी किती सोडते आणि आपण वरून किती ओततो, यांवर रस्सा जमणे किंवा फसणे अवलंबून असते, असे माझे आजवरच्या अनुभवावरून झालेले मत आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी नोकरीनिमित्त कराडला खोली घेऊन एकटा राहतो. माझ्याकडे एका शेगडीचा गॅस, एक कढई, एक लहान कुकर आणि आईने भरून दिलेली कांदा-लसूण मसाल्याची बरणी एवढाच संसार आहे. बाजारात जी भाजी स्वस्त असेल ती घेतो. परंतु प्रत्येक भाजीची निराळी कृती शोधून करण्याइतका वेळ संध्याकाळी नसतो. कोणत्याही भाजीला चालेल अशी एकच कृती मापासकट सांगाल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : आपल्याला हवी तशी कृती आहे आणि ती आपल्या आईला निश्चितच ठाऊक असणार, तिने ती कधी चमच्याने मोजली नसेल, एवढेच. पुढील माप एका माणसाच्या दोन वेळांना पुरेल असे आहे. मोठा चमचा म्हणजे १५ मिलीलिटरचा, छोटा म्हणजे ५ मिलीलिटरचा आणि वाटी म्हणजे सुमारे १५० मिलीलिटरची, असे धरून चालावे. पाव किलो भाजी, एक मोठा कांदा, एक मध्यम टोमॅटो, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, आल्याचा लहानसा तुकडा, एक मोठा चमचा सुक्या खोबऱ्याचा भाजलेला कीस, दोन मोठे चमचे तेल, दीड छोटा चमचा कांदा-लसूण मसाला, पाव छोटा चमचा हळद, एक मोठा चमचा शेंगदाण्याचा कूट आणि दीड ते दोन वाट्या गरम पाणी एवढे साहित्य लागते. मीठ अर्ध्या छोट्या चमच्यापासून सुरू करावे, कारण आपल्याकडच्या कांदा-लसूण मसाल्यात मीठ आधीच असते आणि ते प्रत्येक घरी वेगवेगळे असते.

कढईत तेल तापवून मोहरी तडतडली की बारीक चिरलेला कांदा घालावा, चिमूटभर मीठ टाकावे आणि आच मध्यम ठेवावी. येथे घड्याळाकडे पाहण्यापेक्षा कान देणे अधिक उपयोगाचे असते. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते. ते उकळून बाहेर पडत असते तोवर कढईतून मोठा चुरचुर आवाज येतो आणि कांदा पांढरट, ओलसर दिसतो. या काळात आच कितीही वाढवली तरी कांद्याला रंग येत नाही, फक्त कडा करपतात. आठ-दहा मिनिटांनी आवाज खाली येतो, तेल पुन्हा कडेला दिसू लागते आणि मग दोन-तीन मिनिटांतच कांदा भराभर बदामी होतो. रस्सा कच्चट लागतो अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकजण हा आवाज खाली येण्याआधीच पुढे गेलेले असतात.

कांदा बदामी झाला की आले, लसूण आणि भाजलेले खोबरे यांचे वाटण घालावे. मिक्सर नसेल तर आले-लसूण ठेचून आणि खोबऱ्याचा कीस हाताने चुरून घातला तरी चालते. रस्सा थोडा भरड होतो आणि मला स्वतःला तो तसाच आवडतो. वाटणाचा कच्चा वास गेला की टोमॅटो घालून तो पार मऊ होऊन तेल सुटेपर्यंत परतावा. आता आच मंद करून हळद आणि मसाला घालावा व जेमतेम अर्धा मिनिट परतावा. मसाला तळाला धरू लागला तर चमचाभर पाणी शिंपडावे. करपलेला मसाला नंतर कशानेही सावरत नाही. मग चिरलेली भाजी घालून दोन मिनिटे परतावी, म्हणजे प्रत्येक फोडीला मसाला लागतो, आणि त्यानंतर गरम पाणी ओतावे. पाणी गरमच का, तर थंड पाणी ओतताच उकळी मोडते आणि फोडी मधल्यामध्ये खोळंबतात. आपल्याकडे शेगडी एकच असल्यामुळे जुनी युक्ती करावी. भाजी परतताना कढईवर खोलगट ताटली ठेवून तिच्यात ते दीड वाटी पाणी ओतून ठेवावे. खालच्या वाफेने ते आपोआप कोमट होते आणि फोडीही खालून मऊ पडू लागतात. पाणी चांगले गरम व्हायला दोनऐवजी पाच मिनिटे लागतील आणि तेवढा वेळ आच मंद ठेवावी लागेल, एवढेच.

आता भाजीनुसार काय बदलते ते पाहू. बदलतो तो फक्त वेळ आणि पाणी. बटाटा, गाजर, शेवगा यांना बारा ते पंधरा मिनिटे लागतात, म्हणून दोन वाट्या पाणी द्यावे. फ्लॉवर, श्रावणघेवडा, वांगी, ताजा मटार यांना आठ-दहा मिनिटे आणि दीड वाटी पाणी पुरते. दुधी आणि दोडका स्वतःच एवढे पाणी सोडतात की त्यांना एक वाटीसुद्धा पुष्कळ होते. या दोघांचा रस्सा पांचट झाल्याची तक्रार घरोघरी ऐकू येते ती यामुळेच. पालक, मेथी किंवा ढोबळी मिरची शेवटची तीन-चार मिनिटे घालावी. दोन-तीन भाज्या एकत्र करायच्या असतील तर जी उशिरा शिजते ती आधी, हा क्रम पाळावा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी करताना आपल्या आया आणि आज्या हेच करतात: गाजर आणि ओला हरभरा आधी, वांगी नंतर, तिळाचा कूट सर्वांत शेवटी.

बटाट्याबाबत एक अपवाद लक्षात ठेवावा. टोमॅटोच्या आंबटपणामुळे बटाट्याच्या फोडी लवकर मऊ होत नाहीत, कारण फोडीला घट्ट धरून ठेवणारा जो घटक शिजताना विरघळायला हवा, तो आंबट पाण्यात विरघळण्यास वेळ लावतो. म्हणून बटाटा असेल त्या दिवशी टोमॅटो परतताना न घालता बटाटा अर्धाअधिक शिजल्यावर घालावा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी दोन आंबट टोमॅटोंत बटाटे टाकून पाऊण तास सासूबाईंच्या नजरेखाली उभी होते. फोडी कडक त्या कडकच होत्या आणि सासूबाई एक शब्दही बोलत नव्हत्या, हे अधिक वाईट होते.

भाजी शिजली की दाण्याचा कूट घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटे उकळू द्यावी, मीठ चाखून पाहावे, वर कोथिंबीर घालावी. कूट आधी घातल्यास तो तळाशी बसतो आणि लागतो. भाकरीशी खायचा असेल तर रस्सा थोडा आटवावा, भातावर घ्यायचा असेल तर अर्धी वाटी गरम पाणी वाढवावे. पहिल्या चार वेळा मापाने करावे, पाचव्या वेळेपासून चमचे बाजूला ठेवले तरी हरकत नाही.

प्रश्न : आमच्या घरच्या रश्शावर तवंग येत नाही. मी तेलही वाढवून पाहिले, परंतु रस्सा तेलकट होतो आणि रंग मात्र फिकाच राहतो. तसेच हळद नेमकी केव्हा घालावी? सांगलीत राहून हळदीविषयी विचारावे लागते याचा संकोच वाटतो.
— एक वाचक भगिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : संकोच मुळीच बाळगू नये. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवली गेली. तरी फोडणीत ती केव्हा पडावी हे त्यावरून कोणालाही कळत नाही.

हळदीचा पिवळा रंग आणि मिरचीचा लाल रंग हे दोन्ही पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, ते तेलात उतरतात. म्हणून दोन्ही पाण्याच्या आधी, कोमट नव्हे तर चांगल्या तापलेल्या तेलात आणि तरीही मंद आचेवर पडायला हवीत. आपण लिहिलेल्या लक्षणांवरून असे दिसते की टोमॅटोचे पाणी आटण्याआधीच आपल्याकडे मसाला पडतो. अशा वेळी मसाला ओल्या लगद्यात शिजतो, तेलाची आणि त्याची गाठच पडत नाही आणि पुढे कितीही तेल ओतले तरी ते रंगाशिवाय वर तरंगते. टोमॅटो परतताना उलथन्याने कढईच्या तळावर एक रेघ ओढून पाहावी. रेघ लगेच बुजली तर अजून पाणी आहे. ती क्षणभर तशीच राहिली आणि तिच्या कडेने तेल झिरपले तर मसाला घालण्याची वेळ झाली.

दुसरे कारण मिरचीचे असू शकते. रंग आणि तिखटपणा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ब्याडगी मिरची गडद रंग देते आणि तिखटाला सौम्य असते. लवंगी तिखट असते, पण तिच्याकडून तेवढ्या रंगाची अपेक्षा करू नये. उन्हाळ्यात मसाला कांडून आणताना ब्याडगीचे प्रमाण वाढवले, तर वर्षभर तेल न वाढवता रंग मिळतो. रस्सा तयार झाल्यावर पाच मिनिटे आच बंद करून झाकून ठेवावा आणि मगच वाढावा. खळखळत्या उकळीत तेल रश्शात घुसळले जाते, ते स्थिर झाल्यावरच वर येते.

प्रश्न : वाघ्या घेवड्याचा रस्सा करताना कधी घेवडा लोण्यासारखा शिजतो, तर कधी तासभर उकळूनही टणक राहतो. दाणा एकाच पोत्यातला असतो. माझे काय चुकत असावे?
— एक वाचक भगिनी, कोरेगाव

उत्तर : आपल्या भागातल्या ज्या घेवड्याला भौगोलिक मानांकन लाभले त्याविषयी कोरेगावातूनच विचारणा यावी, हा मान समजून उत्तर देते. दाणा एकाच पोत्यातला असला तरी तो दोन्ही वेळा एकाच महिन्यात शिजवला होता का, हे आठवून पाहावे. साठवणीत जुना होत गेलेला घेवडा हळूहळू पाणी शोषण्यास नाखूश होतो. पावसाळ्याच्या दमट, उष्ण हवेत हे अधिक झपाट्याने होते. दुसरी शक्यता आंबटपणाची. बटाट्याबाबत वर जे लिहिले तेच घेवड्याला दुपटीने लागू पडते. टोमॅटो, चिंच किंवा आमसूल घेवडा पूर्ण शिजण्याआधी पडले, तर तो तेथेच थांबतो.

घेवडा आठ तास भरपूर पाण्यात भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात कुकरला चार-पाच शिट्ट्या द्याव्यात. बोटाने दाबल्यावर दाणा सहज चिरडला गेला तरच तो रश्शात घालावा. हा घेवडा राजम्याच्याच कुळातला आहे आणि अर्धवट शिजलेल्या राजम्याने पोट बिघडते, उलट्याही होऊ शकतात. म्हणून तो फक्त कोमट भांड्यात रात्रभर ठेवून मऊ करण्याचा प्रकार करू नये, त्याला खळखळती उकळी मिळालीच पाहिजे. शिजलेल्या घेवड्याचे दाट पाणी मात्र रश्शात वापरावे आणि मूठभर दाणे पळीने चिरडावेत. मग कूट, खोबरे काहीच लागत नाही.

प्रश्न : माझे माहेर दहिवडीजवळचे असून सध्या पुण्यात राहते. आजी रश्शाला येसूर लावीत असे. तिच्या रश्शाची सर माझ्या रश्शाला येत नाही. येसूर घरी करता येईल का आणि तो कांदा-लसूण मसाल्याऐवजी वापरायचा की त्याच्यासोबत?
— एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : आपले पत्र वाचून मी दुपारी उठून डबा शोधला, आमच्याकडचाही येसूर संपत आला आहे.

माण-खटावच्या कोरडवाहू भागात, आणि तिकडे जत-आटपाडीलाही, हिरवी भाजी बारमाही नव्हती. खोबरे विकत आणावे लागे, धान्य आणि डाळ मात्र घरात असे. मूठभर भाजीत घरभर माणसांना पुरेल एवढा रस्सा करायचा, तर त्याला अंग येण्यासाठी काहीतरी हवे होते. मला वाटते, येसूर ही त्या गरजेतून निघालेली तोड आहे: भाजलेले धान्य, भाजलेली डाळ आणि थोडे मसाले यांचे दळण. म्हणून आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की येसूर मसाल्याऐवजी नव्हे, मसाल्यासोबत वापरायचा. मसाला रंग आणि तिखटपणा देतो. येसूर पाणी बांधतो.

घराघरांतील प्रमाण वेगळे असते. आमच्याकडचे प्रमाण देते. एक वाटी ज्वारी किंवा बाजरी, अर्धी वाटी हरभरा डाळ, पाव वाटी धने, एक मोठा चमचा जिरे, एक छोटा चमचा मिरे, चार-पाच लवंगा आणि दालचिनीचा बोटभर तुकडा घ्यावा. सर्व जिन्नस निरनिराळे, मंद आचेवर, कोरडेच भाजावेत. धान्य खमंग तांबूस झाले पाहिजे. ते एकत्र भाजल्यास जिरे करपते आणि डाळ आत कच्ची राहते. डाळीचा एक दाणा दाताखाली फोडून पाहावा, तो कुरकुरीत तुटला म्हणजे झाले. पूर्ण गार झाल्यावर मिक्सरमध्ये बारीक करून कोरड्या बरणीत भरावे. दोन-तीन महिने सहज टिकते. पुण्यात डाळ भाजण्याचा कंटाळा आला तर फुटाण्याचे डाळे घेतले तरी चालते, मात्र आजीला सांगू नये.

वापरताना दोन वाट्या रश्शाला एक मोठा चमचा येसूर पुरतो. तो आधी वाटीभर थंड पाण्यात कालवून घ्यावा आणि मगच उकळत्या रश्शात धार धरून ओतावा व ढवळत राहावे. कोरडा येसूर उकळीत टाकला तर प्रत्येक कणाला बाहेरून चिकट पापुद्रा बसतो, आत कोरडे पीठ राहते आणि गोळ्या होतात. ओतल्यावर निदान सहा-सात मिनिटे उकळावे. रस्सा पहिल्या मिनिटाला पातळच दिसतो, म्हणून आपण घाईने आणखी चमचा घालतो आणि जेवायला बसेपर्यंत त्याचे पिठले होते. आपल्या रश्शाचे असे काही होत असल्यास कारण हेच. गार होतानाही तो घट्ट होत जातो, तेव्हा उतरवताना तो हवा त्यापेक्षा थोडा पातळच असावा. येसूर घातलेल्या रश्शात कूट निम्मा करावा.

प्रश्न : घरात सहा माणसे आणि तीन तोंडे. सासऱ्यांना रक्तदाबामुळे मीठ कमी, मुलांना तिखट चालत नाही आणि यजमानांना झणझणीत हवे. दररोज तीन भाज्या करणे शक्य नाही.
— एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर : तीन भाज्या करू नयेत, एकाच कढईतून तीन वेळा काढावे. मसाला अर्धाच घालून आणि मीठ अजिबात न घालता भाजी शिजवावी. भाजी शिजल्यावर सासऱ्यांचा वाटा प्रथम बाजूला काढून त्यावर लिंबू पिळावे आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी, म्हणजे मिठाची उणीव कमी जाणवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचासुद्धा नाही. रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा पाळावी. कांदा-लसूण मसाला, पापड आणि लोणचे यांतील मीठ या हिशेबात धरायला आपण विसरतो. पुढच्या उन्हाळ्यात घरचा मसाला करताना सासऱ्यांसाठी बिनमिठाची लहान बरणी वेगळी काढता आली तर फार बरे. ती फ्रिजमध्ये ठेवावी.

उरलेल्या भाजीत मीठ घालून मुलांना वाढावी. तरीही तिखट लागली तर त्यांच्या वाटीत कूट किंवा साय कालवावी. मिरचीचा तिखटपणा तेला-तुपात विरघळतो, त्यामुळे मुलांच्या वाटीत नुसते पाणी ओतून रस्सा बेचव होतो आणि तिखट फारसे कमी होत नाही. यजमानांसाठी छोट्या कढल्यात चमचाभर तेल तापवून, आच बंद करून, त्यात अर्धा चमचा मसाला घालावा आणि ती चरचरीत फोडणी त्यांच्या वाटीवर ओतावी. झणझणीत मागणाऱ्या माणसाने ही फोडणी स्वतः करून घ्यावी असेही सुचवता येईल. आमच्या घरी ही सूचना पंधरा दिवस पाळली गेली.

मीठ जास्त पडल्यास बटाट्याची फोड टाकून ती खारटपणा ओढून घेते असे सांगतात. बटाटा मीठ वेचून घेत नाही. तो खाऱ्या रश्शातले थोडे पाणी शोषतो, एवढेच. भाजी, कूट आणि पाणी वाढवणे हाच उपाय आहे.

प्रश्न : आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असतो. मग रश्शाला दाटपणा आणि खमंगपणा कोठून आणावा?
— एक वाचक, वाई

उत्तर : आषाढातील कांदेनवमीला कांदा मनसोक्त खाऊन घेणारी आपली मंडळी पुढचे चार महिने फिके जेवतात असे मुळीच नाही. कांदा रश्शात तीन कामे करतो: गोडवा, दाटपणा आणि परतल्याचा खमंग वास. गोडव्यासाठी सुपारीएवढा गूळ, दाटपणासाठी दोन मोठे चमचे भाजलेल्या तिळाचा आणि दाण्याचा मिळून कूट, आणि वासासाठी तेलात फुललेला हिंग व गडद तांबूस भाजलेले सुके खोबरे वापरावे. खोबरे भाजण्यात कसूर करू नये. कांद्याच्या बदामी रंगाचे काम आता तेच करणार आहे. कांदा-लसूण मसाला अर्थातच चालणार नाही, त्याऐवजी गोडा मसाला आणि लाल तिखट घ्यावे. कांदा नसल्यामुळे त्याचे पाणीही नसते, म्हणून फोडणी दोन मिनिटांत उरकते. बेसावध राहिल्यास ती तेवढ्याच वेगाने जळते.

प्रश्न : मटार हिरवागार राहावा म्हणून खायचा सोडा घालावा का?
— एक वाचक भगिनी, तासगाव

उत्तर : घालू नये. रंग राहतो, परंतु दाणा गिळगिळीत होतो आणि ब जीवनसत्त्वाचा काही भाग नष्ट होतो. मटार शेवटी घालून झाकण न ठेवता शिजवावा.

प्रश्न : कृष्णाकाठची वांगी आणली, पण रस्सा काळपट झाला.
— एक वाचक, पलूस

उत्तर : चिरलेल्या फोडी हवेवर राहिल्या असणार. चिरताच त्या मिठाच्या पाण्यात टाकाव्यात आणि कढईत घालण्याच्या क्षणीच निथळून काढाव्यात. वांगी काटेरी देठाची, कोवळी आणि हाताला हलकी लागणारी निवडावीत. जड वांग्यात बिया भरलेल्या असतात. लोखंडी कढईत चिंच घालून वांग्याचा रस्सा केला असल्यास काळपटपणा कढईचाही असू शकतो, तेव्हा पुढच्या वेळी स्टीलचे पातेले घ्यावे.

प्रश्न : सत्यनारायणाच्या पूजेला पंचवीस माणसे जेवायला आहेत. रोजचे माप पटीने वाढवले तर चालेल ना?
— एक वाचक भगिनी, फलटण

उत्तर : भाजी पटीने वाढवावी, बाकीचे नाही. मी हे एकदा भोगून बसले आहे. मुलाच्या बारशाला मी दोन माणसांचे माप साडेबाराने गुणले आणि पाणीही तसेच मोजून ओतले. घरच्या कढईत उथळ रस्सा पसरून उकळतो आणि त्याचे पाणी भराभर उडते. मोठ्या पातेल्यात तो खोल असतो, वरचा पृष्ठभाग त्या मानाने लहान, त्यामुळे पाणी फारसे आटतच नाही. फ्लॉवरच्या फोडी शिजून मोडू लागल्या तरी खाली ओढा वाहत होता. तो आटवत बसले असते तर फ्लॉवरचा लगदा झाला असता. शेवटी फोडी झाऱ्याने काढून परातीत ठेवल्या, नुसता रस्सा पंचवीस मिनिटे मोठ्या आचेवर आटवला आणि फोडी परत सोडल्या. पाहुणे तोवर पाळण्याची गाणी तिसऱ्यांदा म्हणत होते.

आपल्याला पंचवीस माणसांसाठी तीन किलोंहून थोडी अधिक भाजी लागेल. कराडच्या वाचकांना दिलेल्या मापातील दोन वाट्यांनी हिशेब केला तर पावणेचार लिटर पाणी येते. आपण पावणेतीन लिटरच घालावे आणि आणखी लिटरभर पाणी शेजारच्या शेगडीवर उकळत ठेवावे, लागेल तसे ओतता येते. तेल हिशेबाने २५ मोठे चमचे होते, पंधरा-सोळा पुरतात. मसाला एकोणीस छोट्या चमच्यांऐवजी तेरा घालावा, मीठ सहाऐवजी चार चमचे, आणि मग चाखून वाढवावे. कांदा एकदम दीड किलो टाकू नये. तेवढ्या कांद्याचे पाणी एका पातेल्यातून निघता निघत नाही आणि तो परतण्याऐवजी उकडला जातो. दोन कढयांत अर्धा-अर्धा परतून मग पातेल्यात एकत्र करावा. हे काम आदल्या संध्याकाळी करून कांदा गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवला तरी चालतो. पूजेच्या नैवेद्याची भाजी मात्र कांद्याच्या आधी, वेगळ्या भांड्यात करून ठेवावी, म्हणजे ऐनवेळी धावपळ होणार नाही.